चौदाव्या मैलावर काही नाही

तार दोन जातींची होती आणि मी ती एकच धरली. चूक एवढीच. ती माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन मी ती केली होती. हे आधी सांगून टाकतो, कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय त्यांना गोष्ट मधूनच सुरू केलेली चालत नसे. “पहिले चुकलं कोन ते सांगा, मंग बाकीचं,” असं ते म्हणायचे... तेव्हा सांगितलं. आता बाकीचं.

दीड महिन्यापूर्वी अमरावतीला माझ्या दारात टपालवाल्यानं कोपरा फाडलेलं कार्ड दिलं. असलं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचलं. वर्ध्याच्या सबस्टेशनवरच्या आमच्या जुन्या ऑपरेटरनं, बाबूलालनं, आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. दौलत मिस्त्री गुजरले. तीन दिवस ताप होता. दुसऱ्या दिवशी तापातच विचारत होते, लाईन चालू आहे ना. मी ‘आहे’ सांगितलं, ही त्याची शेवटची ओळ... कार्ड वाचून फाडायचं असतं ते फाडलं, आंघोळ केली आणि ऑफिसला गेलो. तिथं एका पत्रावर सही करताना तारीख चुकलो, मग सही चुकलो, मग हेडक्लार्क म्हणाला, साहेब आज राहू द्या.

दौलत मडावी आमच्या वीज खात्यात लाईन मिस्त्री होते, म्हणजे खांबांवर चढणाऱ्या दहा-बारा लाईनमनांचे मुकादम. घरी बायकोशी गोंडीत बोलत, माणसांशी वऱ्हाडीत, बाबूलालशी हिंदीत आणि माझ्याशी शक्यतो बोलतच नसत. मी सांगलीकडचा, नवा कोरा असिस्टंट इंजिनिअर, कमरेला चामड्याच्या म्यानात स्लाइड रूल लटकवून हिंडणारा. गुणाकार-भागाकार करायची ती पट्टी मी तलवारीसारखी उपसत असे. मिस्त्री तिच्याकडे पाहत, माझ्याकडे पाहत आणि आपल्या कामाला लागत. माझ्याबद्दल त्यांचं मत काय आहे, हे विचारायची माझी इच्छा होती, पण छाती नव्हती.

वर्ध्याहून पुलगावच्या बाजूला आमची एक मोठी लाईन जात होती. शेतांमधून, नाल्यांवरून, पळसाबाभळीतून मैलोनमैल. ती बंद पडली की बिघाड कुठं आहे हे शोधायला माणसं पायी निघत, आणि कधी कधी अख्खा दिवस जाई. त्यावर उपाय म्हणून वरून हुकूम आला की लाईनच्या आकड्यांचं कार्ड तयार करा. वाचकांना सोप्या शब्दांत सांगतो. विजेला तारेतून जाताना अडथळा होतो, तो ओहममध्ये मोजतात. तार जितकी लांब तितका अडथळा जास्त. लाईन बंद पडली की सबस्टेशनातून तिच्यात थोडीशी वीज सोडायची, ती बिघाडाच्या जागेपर्यंत जाऊन परत येते, काट्यावर ओहम दिसतात. एका मैलाला किती ओहम हे आधी ठरवून ठेवलेलं असलं की भागाकार करायचा, आणि बिघाड कितव्या मैलावर आहे ते खुर्चीत बसून सांगायचं. विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल ते सांगावं, तसं. सगळी मदार त्या ‘एका मैलाला किती’वर. तो आकडा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी नकाशा काढला, त्यावर तारेची जात लिहिली होती, त्या जातीचा आकडा पुस्तकात होता, पट्टी उपसली, आणि दुपारच्या चहाच्या आत कार्ड भिंतीवर लावलं. खाली सही केली, इंग्रजीत, लफ्फेदार.

वैशाखात एका सकाळी वावटळ आली आणि लाईन गेली. मी काटा पाहिला. वाचकांसाठी आकडे गोल करून सांगतो, मैलाला एक ओहम धरा, काटा चौदावर थांबला. चौदावा मैल! मिस्त्री आपली माणसं ट्रकमध्ये घालून, पाण्याची छागळ बाजूला बांधून निघाले. दोन तासांनी खांबांवरच्याच टेलिफोनच्या तारेवरून त्यांचा आवाज आला. “चौदाव्या मैलावर काई नाई.” मी म्हटलं, नीट पाहा. तासाभरानं पुन्हा तेच. तेरा पाहिला, पंधरा पाहिला, काई नाई. तिकडे गिरणी बंद, इकडे दवाखान्यातले पंखे बंद, कार्यकारी अभियंता, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते दर दहा मिनिटांनी मला बोलावतायत... आणि मी, आता लिहितानाही कानशिलं तापतात, मी एक रिपोर्ट लिहिला. यंत्र बिघाडाची जागा स्पष्ट दाखवत असूनही मिस्त्री दौलत मडावी यांनी तपासणीत कसूर केली, सबब चौकशी व्हावी. माणसं बाभळीखाली बसली असावीत असं एक वाक्यही वर टाकलं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

दिवस कलताना फोन आला. मिस्त्री चौदाव्या मैलावरून लाईनखालून वर्ध्याच्या दिशेनं उलटे चालत निघाले होते, त्या उन्हात, आणि अकराव्या मैलावर त्यांना कुण्या झोपडीवरून उडालेला टिनाचा पत्रा दोन तारांत अडकलेला सापडला होता. पत्रा काढला, लाईन सुरू झाली. आता कुठल्याही शहाण्या माणसानं आपला रिपोर्ट मागे घेतला असता. मी काय केलं? मी मोठ्या साहेबांना सांगितलं की बिघाड दोन असणार. एक अकराव्या मैलावर, जो मिस्त्रींना सापडला, आणि दुसरा चौदाव्यावर, जो आपोआप गेला. मोठे साहेब म्हणाले, असं होतं का? मी म्हटलं, पुस्तकात आहे. पुस्तकात नव्हतं.

चौकशी पंधरा दिवसांनी ठेवली गेली. कसूर शाबित झाली की मिस्त्रींचा हुद्दा जाणार होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना पुन्हा साधा लाईनमन होऊन कालच्या पोरांच्या हुकमानं खांबावर चढावं लागणार होतं. हे सगळ्या सबस्टेशनला माहीत होतं आणि कुणीही माझ्याशी त्याबद्दल बोललं नाही. फक्त माझा चहा येईनासा झाला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात नव्हती, डोक्यावरच होती. त्यांनी विचारलं, “साहेब, हा आकडा तुमी आनला कुठून?” मला वाटलं, माणूस गयावया करायला आलाय आणि सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. मी मोठ्या मनानं नकाशा उघडला, तारेची जात दाखवली, पुस्तक दाखवलं, पट्टीसुद्धा सरकवून दाखवली. त्यांनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग नकाशावर आठव्या मैलाशी बोट ठेवलं आणि तिथून ते थोडं पुढं नेलं. म्हणाले, हे इथून इथलोक हा तार नाहीच. लढाईच्या दिवसांत तार येईना, तेव्हा कुठलीशी जुनी लाईन मोडून तिची बारीक तांब्याची तार इथं ओढली होती. नवी आली की बदलू म्हणाले होते. बदलली कुणी नाही. “मीच ओढली ना. कागदावर बदललं नाई, वर बदललं.”

नकाशात नाही, मी म्हटलं. “चला मंग,” ते म्हणाले.

गेलो, दोन सायकलींवर. माझी वाटेत पंक्चर झाली, ते सोडा. आठव्या मैलाच्या थोडं पुढं, एका कोरड्या नाल्याकाठच्या खांबाखाली त्यांनी मला उभं केलं आणि वर बोट दाखवलं. ऊन डोळ्यांत, तार काळी, आभाळ पांढरं, मला जाड-बारीक काहीही दिसेना. दिसतंय का, विचारलं. मी हो म्हणालो. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले, फडक्यातून चून-भाकर काढली, अर्धी मला दिली. म्हणाले, वारा येऊ द्या. वारा आला की बारीक तार वेगळी वाजते. आम्ही तासभर वाऱ्याची वाट पाहत बसलो. दोनदा मी ‘आली ऐकू’ असंही म्हणालो, तेव्हा पानदेखील हललेलं नव्हतं. मग खरंच वारा आला... आणि खांबाच्या पूर्वेला तार जाड्याभरड्या आवाजात घुमत होती, आणि पश्चिमेला, जिथून तांबं सुरू होत होतं, तिथं तिचा आवाज चढा, बारीक, सुईसारखा झाला होता. तार बारीक तर सूर उंच, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. मी त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही सोडवला होता.

तिथंच बसून मी पट्टी काढली. आठ मैल एकेक ओहमचे, आठ. पुढचे तीन मैल बारीक तांब्याचे, दोन-दोन ओहमचे, सहा. आठ आणि सहा चौदा. पत्रा अकराव्या मैलावर, काटा चौदावर. काटा खरं बोलत होता, मिस्त्री खरं बोलत होते, मध्ये माझी लफ्फेदार सही होती.

मी म्हटलं, मिस्त्री, आता झालं. ऑफिसात जाऊन कागदावर दुरुस्ती करतो. त्यांनी मान हलवली. कागदावर नको. तार कुठं नेमकी बदलते, लाईन कुठं वळसा घेते, आणखी कुठं काय आहे, हे कागदाला माहीत नाही. त्यांचं म्हणणं असं : लाईन बंद करायची, त्यांनी प्रत्येक मैलाच्या खांबावर चढून दोन तारा मुद्दाम एकमेकींना जोडायच्या, मी सबस्टेशनात काटा पाहून आकडा लिहायचा. खोटा बिघाड करून खरा आकडा काढायचा. दोन दिवसांचं, तीन दिवसांचं काम. मी म्हटलं, एवढ्यासाठी लाईन बंद करायला मोठे साहेब परवानगी देणार नाहीत. कारण लिहून द्यावं लागेल.

“मंग लिवा,” मिस्त्री म्हणाले.

मी लिहिलं. ‘काही तांत्रिक बाबींची फेरपडताळणी आवश्यक झाल्याने’ असं पहिलं वाक्य होतं. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाले, यात चुकलं कोन ते नाई. मी दुसरा मसुदा केला, ‘नकाशातील त्रुटीमुळे’. तेव्हाही तेच. नकाशावर सगळं ढकललं की निदान मिस्त्रींवरची चौकशी टळेल, माझ्याही सेवापुस्तकाला डाग लागणार नाही, असा माझा हिशेब होता आणि मी तो त्यांना बोलूनही दाखवला. त्यावर ते जे बोलले ते मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. “माही मिस्त्रीगिरी गेली त जाऊ द्या, साहेब. पन कोनी चुकलंच नाई असं लिवलं, त कोनी मोजनार बी नाई. हा आकडा भिंतीवर तसाच राहीन, अन् माह्या मांगून जो येईन त्याले बी तुमी चौदाव्या मैलावर पाठवसान.”

तिसरा मसुदा एका वाक्याचा होता. लाईन प्रत्यक्ष न पाहता मी आकडा ठरवला, तो चुकला, मिस्त्रींची तपासणी बरोबर होती. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, ‘तो दुसरा बिघाड?’ मी म्हटलं, तो मी आहे, सर. चौकशीचे कागद त्यांनी माझ्यासमोर फाडले, माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली आणि लाईन बंद करायची परवानगी दिली, फक्त गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी.

त्या तीन सुट्ट्या मी विसरणार नाही. नियम मिस्त्रींनी घालून दिला होता. तारा जोडून झाल्या की ते खाली उतरून टेलिफोनवर तीनदा म्हणणार, मी खाली आहे, मी खाली आहे, मी खाली आहे, आणि मगच मी बटणाला हात लावायचा. खांबावर चढायला पोरं होती, पण पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत तेच चढले. त्रेपन्न वर्षांचा माणूस. पहिल्याच खांबाला माझा काटा हलेना. मी यंत्र बिघडलं म्हणून स्क्रू उघडायला घेतले, झाकण काढलं, आतल्या तारा हुंगल्या. बाबूलाल मागून शांतपणे म्हणाला, “साहब, मिस्त्रीने किनारवाले दो तार जोडे हैं. आपने बीचवाला पकडा है.” झाकण परत बसवायला अर्धा तास लागला, तोवर मिस्त्री खाली उन्हात उभे. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. दर पाच मिनिटांनी एकदा नुसतं सांगत राहिले, मी खाली आहे.

लाईन नकाशात सरळ होती ती एका गावाला वळसा घालून गेलेली निघाली, दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल, जास्त. आणि पुलगावकडच्या टोकाशी अर्धा मैल आकडा अचानक चढला. मिस्त्री गोंधळले. चढून पाहिलं, तर तिथंही तीच बारीक तांब्याची तार. ती ओढली तेव्हा ते आजारी होते, गावी होते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर म्हणाले, लिवा साहेब, हे दौलत मडावीले मालूम नव्हतं. मी म्हटलं, असू द्या हो, त्यात काय लिहायचं. ते म्हणाले, तुमचं लिवलं ना? मग लिहिलं. मोजणीचे आकडे लिहिलेल्या त्या वहीत त्यांचं नाव माझ्या नावाखाली, चुकलेल्यांच्या यादीत आहे. दोनच नावांची यादी.

माझं कार्ड त्यांनी भिंतीवरून काढायला लावलं. त्या जागी लाकडी फळा आला, खांबाचा नंबर आणि समोर ओहम, आकडे मराठीत, पेंटरकडून रंगवून घेतलेले, म्हणजे कुठल्याही लाईनमनाला वाचता यावेत. पावसाळ्यात लाईन पुन्हा गेली. मी काटा पाहिला, मिस्त्रींनी फळ्यावर बोट ठेवलं, खांबाचा नंबर म्हणाले आणि निघाले. पाऊण तासात त्यांचा फोन. “एक खांब चुकला, साहेब.” मी आनंदानं ओरडलोच की एक खांब म्हणजे काहीच नाही. पलीकडून ते म्हणाले, जो चढते त्याले एक खांब बी असते. आणि त्या आठवड्यात त्यांनी तो एक खांबही मोजून घेतला.

माझी बदली झाली, ते निवृत्त झाले, सिंदी मेघेला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. ‘येजो’ असं दर भेटीला म्हणत. मी येतो म्हणे. पाच वर्षांत गेलो नाही... गेलो तो गेल्या रविवारी. बाबूलालनं पत्ता लिहून दिला होता, देवळापासून डाव्या हाताला सहावं घर. मी मोजत मोजत गेलो. सहाव्या घरात कुणी दुसरंच राहत होतं. त्या घरातल्या बाईंनी मागं बोट दाखवलं. परत फिरलो, तेव्हा कळलं, मघाशी ओलांडलेल्या दोन घरांना मधली भिंत एकच होती आणि मी ती दोन घरं मिळून एक मोजलं होतं.

अंगणात कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. अर्धी जाड, अर्धी बारीक तांब्याची, मधोमध सांधा. खात्यानं अखेर ती तांब्याची तार उतरवली तेव्हा तुकडे भंगारात निघाले होते, त्यातला हा, परवानगी घेऊन आणलेला. सांधा मिस्त्रींच्या हातचा, मी तो कुठंही ओळखला असता, सात वेढे, शेवटचा आत दाबलेला. त्यावर त्यांचा सदरा वाळत होता. महिना उलटून गेलाय, तरी दर आठवड्याला धुते, असं पार्वताबाई म्हणाल्या. त्या मिस्त्रींच्या पत्नी. वारा होता. मी उगाच तारेच्या दोन्ही बाजूंना कान देऊन उभा राहिलो, पण एवढ्याशा तारेतून काय वाजणार... त्यांनी पाणी दिलं, चटई टाकली. कशानं सुरुवात करावी ते मला सुचेना, म्हणून म्हणालो, घर सापडायला जरा वेळ लागला, मी पुढं निघून गेलो होतो.

“पाह्यलं ना मी. दारातच होती,” पार्वताबाई म्हणाल्या. “आवाज नाई देला. बुढा म्हने, तो साहेब आला त त्याले बलावू नोको, त्याले चुकल्याबिगर सापडत नाई.”